मुठीतलं मीठ

सकाळी शाळेच्या जुन्या ग्रुपवर एकाने टाकलं, "मार खाऊन कुठे स्वातंत्र्य मिळतं का?" खाली हसण्याच्या इमोजींची रांग. तेव्हापासून डोकं भणभणतंय. जेवणही धड गेलं नाही.

माझ्या आजोबांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं सरळ होत नसत. मे १९३० मध्ये ते शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात गेले होते, बावीस वर्षांचे. मिठागरातलं मीठ उचललं आणि मूठ आवळली. पोलिसाने उघडायला बघितली, उघडेना, मग पेरांवर काठी घातली. चार-पाच वेळा. लहानपणी मी ती बोटं ओढून सरळ करायला बघायचो. ते ओढू द्यायचे.

मार खाल्ला म्हणता ना, मग तसा मार खायला काय लागतं तेही सांगा! त्याच महिन्यात, २१ मेला, गुजरातेत धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रही रांगेने पोलिसांच्या काठ्यांपुढे जात होते. एक रांग डोकी फुटून पडली की मागची पुढे. वार अडवायलासुद्धा कुणी हात वर केला नाही. आणि आपण? सिग्नलला कुणाचा धक्का लागला तर एक शिवी गिळवत नाही आपल्याला.

हो, भगतसिंग होते, फेब्रुवारी १९४६ चं मुंबईतलं नाविकांचं बंड होतं, महायुद्धाने इंग्रज खंगला होता. सगळं मान्य. म्हणून मीठ उचलणारे बिनकामाचे?

बंदूक किती घरांत पोचली असती? मीठ उचलायला म्हातारी जाऊ शकत होती, बायका जाऊ शकत होत्या. १९३० मध्येच १२ डिसेंबरला मुंबईत बाबू गेनू विलायती कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला. गिरणी कामगार, आजोबांच्याच वयाचा. ट्रक अंगावरून गेला. त्याच्या नावापुढेही इमोजी टाकणार का?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसायचाच. मूठ उघडणारा शिपाई त्यांच्याच वयाचा, तिथलाच मुलगा. काठी मारता मारता रडकुंडीला आलेला. म्हणत होता, "सोड रे मेल्या, माझी नोकरी जातली!"

इंग्रजांचं राज्य चालवत होतं कोण? असलेच आपले शिपाई, आपले कारकून, सारा भरणारे आपले शेतकरी. गोरे होतेच किती! त्या पोरावर आजोबांनी उलट हात टाकला असता तर त्याला मारायला कारण मिळालं असतं. समोरचा नुसता मूठ आवळून बसलाय म्हटल्यावर त्याचा हात जड झाला. पाचव्या काठीनंतर तो बाजूला जाऊन उभा राहिला, असं आजोबा सांगायचे. मीठ मुठीतच राहिलं, रक्ताने भिजलेलं.

शेवटच्या आजारपणात आजोबांना धड ओळख पटत नव्हती. मी उशाशी बसलेला असायचो, ती वाकडी बोटं हातात घेऊन. मध्येच डोळे उघडून विचारायचे, "त्या पोराची नोकरी राहिली असेल ना रे?"