पोतोसीची चांदी स्वस्त पडली, कारण तिचा खर्च गावांनी सोसला

स्पॅनिश अमेरिकेतल्या खाणमजुरांना रोजंदारी मिळायची, म्हणून त्यांच्यावरच्या सक्तीला फार कठोर म्हणू नये, असं बोलणारे भेटतात. त्यांनी आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीचा हिशोब एकदा मांडून पाहावा.

सुमारे ४,००० मीटर उंचीवर १५४५ मध्ये इथे चांदी सापडली. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने इंकांच्या काळापासूनची 'मिता' ही पाळीची वेठ खाणींसाठी नव्याने बांधली. १६ प्रांतांतल्या १८ ते ५० वयाच्या पुरुषांपैकी दरवर्षी सातवा हिस्सा, म्हणजे साधारण १३,५०० माणसं. नियम असा की एक आठवडा काम, दोन आठवडे विश्रांती. खाणीत उतरणाऱ्याला दिवसाला साडेतीन रेआल (आठ रेआलचा एक पेसो).

सोमवार डोंगराच्या पायथ्याशी हजेरी आणि वाटपातच जायचा. उरलेल्या पाच दिवसांचे साडेसतरा रेआल, म्हणजे जेमतेम सव्वादोन पेसो. त्यात घरच्यांसह तीन आठवडे काढायचे, तेही महागड्या शहरात, आणि वर राजाचा कर. मग 'विश्रांती'च्या आठवड्यांत तोच माणूस पुन्हा खाणीत उतरायचा, या वेळी खुल्या दराने. हा दर वेठीच्या दरापेक्षा चांगला असायचा. खाणमालकाला वेठ कशाला हवी होती, ते या फरकातच दिसतं.

वर आणलेल्या खनिजाचं पाणचक्कीवर पीठ करत. त्यात मीठ आणि पेरूतल्या वांकाव्हेलिकाच्या खाणीतला पारा घालून चिखल तुडवायचा, म्हणजे चांदी पाऱ्यात उतरायची, पुढे धुऊन, पिळून, तापवून पारा उडवायचा. कोरड्या दळणाची धूळ फुप्फुसात, पाऱ्याची वाफ अंगात. पाऱ्याचा मक्ता राजाकडे होता, त्यामुळे किती पारा खपला यावरून चांदी किती निघाली असावी याचा अंदाज सरकारला यायचा. माणसं किती खपली, यावर मात्र तसा डोळा कुणी ठेवला नाही.

खरा भार गावावर पडला. तितिकाका सरोवराकाठच्या चुकुइतोहून बायका-मुलं, ओझ्याचे लामा प्राणी आणि शिधा घेऊन निघालेला तांडा पोचायला सुमारे दोन महिने लागत. वाटखर्चाचे हुकूम निघाले, पैसे क्वचितच हातात पडले. वर्षभर शेत कोण बघणार? ते मागे राहिलेले भाऊबंद बघायचे. म्हणजे मजुराला जगवायचा खर्च मालकाच्या वहीत कधी आलाच नाही, तो गावाने उचलला.

माणसं कमी पडली तर गावचा मुखिया, कुराका, जबाबदार. तो बदली मजुराचे पैसे भरायचा. सतराव्या शतकात कित्येक मालक मजूर न घेता ही रोकडच खिशात घालू लागले. गाव सोडून परक्या मुलखात राहणाऱ्याला मिता लागू नव्हती, म्हणून लोक पळाले. मागे उरलेल्यांची पाळी सात वर्षांऐवजी दोन-तीन वर्षांतच येऊ लागली, की आणखी लोक पळाले. १८१२ मध्ये स्पेनच्या कादिस शहरातल्या संसदेने कायद्याने मिता बंद केली, तोवर हे चक्र चालूच होतं.