न टाकलेल्या युरियाचा पुरावा कसा द्यावा

तर मंडळी, तुम्हाला विषमुक्त शेती करायचीय आणि वर सरकारकडून त्याचे पैसेही पायजेत, म्हणजे तुम्ही पण आमच्यासारखेच भोळे दिसताय. हरकत नाही. मी तीन वर्षं यातून गेलोय, माझं शिक्षण तुम्हाला फुकटात देतो.

आधी युरियाचं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. युरिया पायजे असला की कृषी केंद्रात जायचं, आधार नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा टेकवायचा, २६६ रुपये ५० पैसे मोजायचे आणि ४५ किलोची गोणी मोटरसायकलवर आडवी टाकून घरी यायचं. (ऐन हंगामात दुकानदार सोबत एखादी नको असलेली बाटली गळ्यात मारतो, ते वेगळं.) गोणीची उरलेली किंमत, म्हणजे आपण दिली त्याच्या कितीतरी पट, केंद्र सरकार परस्पर कंपनीला देतं, आणि ती गोणी तुम्ही पराटीला टाकली की धुऱ्यावर सांडली हे विचारायला बाप जन्मात कुणी येत नाही. खताच्या अनुदानाचं वर्षाचं बजेट दीड लाख कोटींच्या वर जातं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेलं नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय मिशन, एक कोटी शेतकऱ्यांसाठी, केंद्र-राज्य सगळं मिळून २,४८१ कोटी.

म्हणजे टाकायचं असेल तर अंगठा पुरतो. टाकायचं नसेल तर पुरावा लागतो.

आता न केलेल्या गोष्टीचा पुरावा देणं ही एक कला आहे, ती शिका. सुरुवात कागदांपासून. सातबारा, आठ-अ, फार्मर आयडी, आधार बँकेला लिंक आणि तो लिंक खरंच लिंक आहे का हे बघायला बँकेत दोन चकरा, एक जेवणाआधी आणि एक जेवणानंतर. मग क्लस्टर, म्हणजे शेतकऱ्यांचा गट. परंपरागत कृषी विकास योजना ही सेंद्रिय शेतीची सरकारी योजना २०१५ पासून आहे, तिच्यात एकटादुकटा शेतकरी चालत नाही, २० हेक्टरचा क्लस्टर लागतो, त्यामुळे ज्या चुलतभावाने मागच्या वर्षी नांगर घालून तुमचा धुरा कोरला त्याच्याकडे आजच गोडीगुलाबीने चहा प्यायला जा. कारण सेंद्रिय असल्याचं पीजीएस म्हणून जे सर्टिफिकेट मिळतं त्यात शेतकऱ्यानेच शेतकऱ्याचं वावर तपासून सही करायची असते. तुम्ही प्रामाणिक आहात हे सरकारला तोच सांगणार!

पैसे किती मिळतील, हां, या मुद्द्यावर सगळे कान टवकारतात. योजनेत हेक्टरी ३१,५०० रुपये आहेत. नाचू नका. ते तीन वर्षांचे आहेत, आणि त्यातले ९,००० प्रशिक्षण आणि जनजागृतीचे, ४,५०० पॅकिंग-मार्केटिंगचे, ३,००० सर्टिफिकेट आणि तपासणीचे. तुमच्या खात्यावर येणार १५,०००, तेही हप्त्याहप्त्याने. म्हणजे वर्षाला हेक्टरी ५,०००, म्हणजे गुंठ्याला वर्षाचे ५० रुपये. तणनाशक मारायचं नाही म्हटल्यावर निंदण आलंच, आणि आमच्याकडे निंदणाला एका बाईची मजुरी तीनशे रुपये आहे, तर या हिशोबाने वर्षभराच्या अनुदानात ती बाई तुमच्या गुंठ्यात येऊन चप्पल काढून विळा हातात घेईल एवढं होतं. पुढचं तण तुम्ही जनजागृतीने काढा.

गाय पण लागेल, देशी, जर्सी चालत नाही. जीवामृताला, म्हणजे युरियाऐवजी वावरात द्यायच्या आंबवलेल्या पाण्याला, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, धुऱ्यावरची मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी लागतं. आता गाय सांभाळायचं गणित ऐका. राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गायीला राज्यमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या गायीला दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. दिवसाला! आपल्या गुंठ्याला वर्षाला जेवढे मिळतात तेवढे. पण गाय गोशाळेत पायजे, तुमच्या गोठ्यात उभी राहून तुमच्या वावराला शेण देत असेल तर तिचं नाव त्या यादीत बसत नाही. म्हणून माझा सल्ला, गाय भाकड झाली की सोडून द्या, ती तुमच्यापेक्षा आधी लाभार्थी होईल.

नाडेपचं टाकं, म्हणजे कंपोस्ट खत करायचं विटांचं टाकं, बांधायची संधी आली तर सोडू नका. पुसदच्या नाडेप काकांनी शोधलेली फार अभ्यासाची गोष्ट आहे ती, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, हवा खेळावी म्हणून विटांत भोकं ठेवलेली. आमच्या गावात त्यात शेळ्या ठेवतात, उन्हाळ्यात खरंच गार राहतं.

पण सगळ्यात महत्त्वाचा तो जीवामृत ढवळायचा निळा ड्रम. जीवामृताचा फोटो लागतो, साधा नाही, खाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ छापून येणारा. आमच्या क्लस्टरमध्ये चांगला ड्रम एकच होता, एका बाजूला बैलाने शिंग मारून पोचा पाडलेला. तो बैलगाडीत घालून दिवसभर वावरावावरातून फिरवला, प्रत्येक ठिकाणी मालक बदलला, अक्षांश बदलले, ढवळायची काठी सुद्धा बदलली कारण आमचा गटप्रमुख बारकाव्याचा माणूस, पोचा मात्र सगळ्यांच्या फोटोत आहे. सगळे फोटो पास झाले. एकाचा तेवढा रिजेक्ट झाला. तो खरंच रोज ढवळत होता, पण त्याच्या वावरात रेंज नव्हती.

मग तपासणीचा दिवस आला. साहेबांना गांडूळ दाखवायचे होते आणि आमच्यातल्या कुणाच्या वावरात खोदायची हिंमत होईना, कारण काय निघेल याची सगळ्यांनाच कल्पना होती. तेव्हा आप्पा आठवले. आप्पांचं अडीच एकर कोरडवाहू, तूर आणि ज्वारी, आयुष्यात एक गोणी विकत घेतलेली नाही, तत्त्व वगैरे काही नाही, परवडलंच नाही कधी. सातबारा अजून चार भावांच्या नावे सामाईक, फेरफार अडकलेला, फार्मर आयडी निघत नाही, म्हणून ते क्लस्टरमध्ये नाहीत. त्यांच्या चारी बाजूंना आम्ही सेंद्रिय, मध्ये ते.

आप्पांनी एक फावडं मारलं आणि गांडुळंच गांडुळं. साहेब खुश. बॅनर धरला, ड्रम मागे उभा केला, आप्पांना कडेला सरकवलं तरी एक खांदा आलाच फोटोत.

नंतर आम्ही आप्पांना म्हटलं, बसा, चहा घेऊन जा. ते म्हणाले साखरेचा सोसत नाही, गुळाचा कर. गूळ सगळा ड्रममध्ये गेला होता.