अभ्यास गट हवेत, गावोगावी

लोकशाही सावरायची तर विद्यापीठांनी संशोधन वाढवावं, हे एका लेखातलं म्हणणं पटलं. पण संशोधन विद्यापीठातच होतं असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने अभ्यास गट चालवले. बाहेरचे जाणकारही गोलात बसत, कायद्याचं कलम वाचून चर्चा होई. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, हाही अभ्यासाचाच विषय! गट फक्त अभ्यास करी, निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. त्या तयारीच्या बळावर 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा साऱ्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला. मी नागरिकशास्त्र शिकवते. आमच्या मुलांना ग्रामसभेची व्याख्या तोंडपाठ असते, पण ग्रामसभा पाहिलेली नसते. निदान एकदा तरी त्यांना वही घेऊन तिथे बसू द्या.