गादी राहू द्या, पाटी बघा

समजा १९५० चं दशक आहे आणि अमेरिकेत रूट ६६ या लांबलचक हायवेवर तुम्ही मोटेल, म्हणजे गाडीवाल्यांसाठी रात्रीच्या मुक्कामाचं हॉटेल, काढताय. मग गादीवर पैसे घालवू नका. गादी कशी आहे हे गिऱ्हाइकाला रात्री कळतं, तोवर भाडं गल्ल्यात पडलेलं असतं. खर्च करायचा तो पाटीवर.

हिशोब सोपा आहे. ताशी ६० मैलांनी धावणारी गाडी सेकंदाला ८८ फूट जाते. अक्षर इंचभर उंच असेल तर ढोबळमानाने ४० फुटांवरून वाचता येतं, म्हणजे दहा इंची अक्षर ४०० फुटांवरून. हातात आले साडेचार सेकंद. तेवढ्यात त्या बापड्याने वाचायचं, बायकोला विचारायचं आणि ब्रेकही दाबायचा. म्हणून शब्द पाचच. दराचा आकडा हातभर काढा, ‘पासून पुढे’ मात्र करंगळीएवढं.

अक्षरं काचेच्या नळ्यांची: लाल अक्षरांना आत निऑन वायू, निळ्यांना आरगॉन वायू आणि पाऱ्याचा थेंब. निळी नळी कडाक्याच्या थंडीत मंदावते, म्हणून ‘मोटेल’ लालच ठेवा. नळ्या ट्रान्सफॉर्मरला एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक फुटली की आख्खी ओळ काळोखात. ‘नो व्हेकन्सी’ (खोली रिकामी नाही) मधल्या ‘नो’ला वेगळा खटका हवा. ही नळी फार वर्षं टिकते, पेटवायची वेळच येत नाही ना!

न्यू मेक्सिकोत टुकुमकॅरीच्या ब्लू स्वॅलो मोटेलने पाटीवर ‘१०० टक्के रेफ्रिजरेटेड एअर’ लिहिलं. साठ टक्के थंड हवा कुठे मिळते, असं कुणी विचारत नाही. पोहण्याचा तलाव खोल्यांच्या मागे, सावलीत नको; रस्त्याला चिकटून खणा. ट्रकवाल्यांसमोर कुणी पोहणार नाही, पण मागच्या सीटवरची पोरं गाडी थांबवतात.

पाटी परवडत नसेल तर खोलीचीच पाटी करा. ॲरिझोनात हॉलब्रुकला १९५० साली काँक्रीटचे १५ तंबू उभे राहिले, नाव ‘विगवॅम’. आकार मैदानी प्रदेशातल्या मूळ अमेरिकन जमातींच्या टिपीचा, म्हणजे शंकूसारख्या तंबूचा; नाव ईशान्येकडच्या जमातींच्या भलत्याच घराचं. साडेचार सेकंदांत कोण एवढं बघतो?

१९८० च्या दशकापर्यंत तगलात आणि शेजारचं मोटेल पटेलांनी घेतलं, तर दोनच शब्द लावा: ‘अमेरिकन ओन्ड’, म्हणजे मालक अमेरिकन. त्यांचं भाडं कमी आणि चादरी स्वच्छ आहेत, हे त्यात आलंच. पटेलांकडेही अमेरिकेचा पासपोर्ट असेल, पण तो ४०० फुटांवरून वाचता येत नाही.