लाखांच्या पगाराचा संप : ‘एक सोलापूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वैमानिकांच्या कामाचे तास आणि त्यांच्यावर निघणारा लोकांचा राग या विषयावर मी गेल्या आठवड्यात लिहिलेल्या लेखाखाली आपण ‘एक सोलापूरकर’ या नावाने सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ती मी दोनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले याबद्दल क्षमस्व. त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर उत्तराऐवजी भांडण झाले असते. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा : महिन्याला लाखो रुपये घेणाऱ्याने स्वतःला कामगार म्हणवून घेणे ही विडी वळणाऱ्या बाईची थट्टा आहे, सगळ्यांनी एकाच दिवशी आजारी पडणे ही शुद्ध लबाडी आहे, अशाच एका ‘आजारपणा’मुळे हैदराबादहून दिल्लीला जाणारे आपले विमान काही वर्षांपूर्वी रद्द झाले आणि थोरल्या बंधूंच्या दहाव्याला आपण पोहोचू शकला नाहीत, आणि ज्या गावात विमान काल-परवा आले तिथे बसून वैमानिकांची वकिली करणे हा आगाऊपणा आहे.

शेवटचा आरोप मान्य करून टाकतो. सोलापुरात विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पडली, होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचे उद्घाटन सप्टेंबर 2024 मध्ये झाले आणि गोव्याचे विमान सुरू व्हायला जून 2025 उजाडला. मुंबईचे त्यानंतर ऑक्टोबरात. तोवर विमान म्हटले की आपली धाव पुण्याला किंवा हैदराबादला. पण ज्या गावात गिरणीच्या भोंग्यावर तीन पिढ्या उठल्या आणि निजल्या, त्या गावातल्या माणसाला पाळी, रात्रपाळी आणि संप या तीन शब्दांबद्दल बोलायला विमानतळाची गरज पडू नये, असे मला वाटते.

पगाराचा मुद्दा जड आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी आणि कॅप्टनचा पगार यांची तुलना होऊच शकत नाही, आणि वैमानिक मंडळी जेव्हा ‘शोषण’ हा शब्द सढळ हाताने वापरतात तेव्हा मलाही तो कानाला खुपतो. तरीही आपल्या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की लोकांचा राग वैमानिकांवर निघतो तो त्यांच्या गलेलठ्ठ पगारामुळे. हे खरे असते तर कमी पगाराच्या माणसाने संप केल्यावर लोकांनी त्याला सहानुभूती दिली असती. आपल्याला 2021 च्या दिवाळीतला एसटीचा संप आठवत असेल. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेला तो संप पुढच्या एप्रिलमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने कामावर परतण्याची मुदत घालून दिल्यावर संपला. त्या दिवाळीत बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर खाकी शर्टातला एक चालक उभा होता. मला गावाकडे आईला आणायला जायचे होते, वडापच्या जीपवाल्याने तिप्पट पैसे सांगितले होते, आणि तो राग मी त्या चालकावर काढला. ‘लोकांची दिवाळी नासवलीत तुम्ही’, असे मी चारचौघांत म्हणालो. त्याने उलट उत्तर दिले नाही. खिशातून घडी घातलेली पगाराची पावती काढली, ती टपरीच्या फळीवर सरळ केली आणि खालच्या आकड्यावर बोट ठेवले. सतरा वर्षांच्या नोकरीचा तो आकडा वाचून मी दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि निघून आलो. त्या माणसाला कोणी लाखांचा पगार देत नव्हते, तरी शिव्या त्यानेही खाल्ल्या, आणि त्यांतली एक माझी होती. तेव्हापासून मला असे वाटत आले आहे की आपला राग पगार बघून ठरत नाही, गणवेश घालून समोर कोण उभे आहे हे बघून ठरतो.

आता कामाच्या तासांबद्दल. वैमानिक महिन्याला मोजके तास उडतात, मग थकवा कसला, असे आपण विचारले आहे. माझे वडील एका यंत्रमाग कारखान्यात बावीस वर्षे होते, त्यांतली निम्म्याहून अधिक रात्रपाळीत. ते सांगत, की बारा-एकपर्यंत काही वाटत नाही, पण अडीचनंतर डोळे उघडे असतात आणि माणूस आत नसतो. मानेवर पाणी मारायचे, मागांच्या रांगेतून दोन फेऱ्या घालायच्या, आणि तरीही कधीतरी धागा तुटलेला दिसायचा नाही, माग चालत राहायचा आणि सकाळी उजेडात चादरीवर हातभर रेघ दिसायची. ती चादर सेकंडच्या मालात जायची आणि मालक मजुरीतून पैसे कापायचा. वडील आळशी नव्हते आणि तास मोजायचे तर पाळी आठच तासांची होती. प्रश्न किती तास हा जितका आहे, तितकाच कोणते तास हाही आहे. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचे शरीर सर्वांत मंद असते, हे विमान वाहतुकीचे नियम करणारेही मान्य करतात.

विमानाला सेकंडचा माल नसतो. 22 मे 2010 रोजी दुबईहून रात्रभर उडत आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि 166 पैकी 158 माणसे गेली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाच्या सुमारे दोन तासांपैकी दीड तासाहून अधिक काळ कॅप्टन झोपलेले होते, हे चौकशीत निष्पन्न झाले. उतरताना विमान जास्त उंचीवर होते, सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचे तीनदा सुचवले, पण कॅप्टननी ते ऐकले नाही. आणि झोपेतून उठल्यावर काही काळ निर्णयशक्तीवर राहणारी गुंगी हे त्यामागचे एक कारण म्हणून अहवालात नोंदवलेले आहे. त्या कॅप्टनना मी दोषमुक्त करत नाही, अहवालानेही केलेले नाही. पण त्या विमानात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने कॅप्टनचा पगार किती होता याला काय किंमत होती, हे आपणच सांगावे.

जानेवारी 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली, ‘रात्र’ म्हणजे बारा ते सहा असे ठरवले आणि रात्रीच्या उतरणांची कमाल मर्यादा सहावरून दोनवर आणली. कंपन्यांच्या विरोधामुळे ते लांबत गेले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि शेवटी पहिला टप्पा 1 जुलै 2025 ला व दुसरा 1 नोव्हेंबर 2025 ला लागू झाला. पुढे डिसेंबरात काय झाले ते सर्वांनी पाहिले : इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणे एका दिवसात रद्द झाली आणि लोक विमानतळांवर बॅगांच्या ढिगात झोपले. तेव्हा ‘वैमानिकांना जास्त विश्रांती दिली म्हणून विमाने बंद पडली’ हे वाक्य मी आपल्या सोलापुरातही, केशकर्तनालयात ऐकले. नियम जवळपास दोन वर्षे आधी माहीत होते, ही गोष्ट त्या वाक्यात कुठेच नव्हती. त्या वेळी कोणीही संपावर नव्हते, तरी बोट वैमानिकांच्या विश्रांतीकडेच गेले, आणि महासंचालनालयानेही त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट देऊन टाकली.

आता खोट्या आजारपणाकडे येतो, कारण इथे आपण माझ्यापेक्षा जास्त बरोबर आहात. सप्टेंबर 2009 मध्ये जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकदम आजारी पडले आणि पाच दिवस सेवा कोलमडली. मे 2012 मध्ये एअर इंडियाच्या संपाची सुरुवातही अशाच आजारपणाने झाली. आजारी नसताना आजारी म्हणून कळवणे हे खोटे बोलणेच आहे, आणि ज्या व्यवसायात ‘मी आज उडण्याच्या स्थितीत नाही’ या एका वाक्यावर शेकडो जीव अवलंबून असतात तिथे ते वाक्य स्वस्त करणे हा त्या व्यवसायाशीच द्रोह आहे. एवढे स्पष्ट म्हटल्यावर त्यामागची गंमतही पाहावी. औद्योगिक विवाद कायद्यात हवाई वाहतूक ही सार्वजनिक उपयुक्ततेची सेवा होती. चौदा दिवसांची नोटीस द्यायची, समेटाची बोलणी सुरू झाली की ती संपेपर्यंत संप करायचा नाही, आणि बोलणी लांबवणे कुणाच्या सोयीचे असते हे गिरणगावात वाढलेल्याला सांगावे लागू नये. जेटच्या वादाचे मूळ तर कामगार संघटना काढणाऱ्या वैमानिकांना कामावरून काढण्यात होते. समोरचे दार असे अरुंद असले की लोक खिडकीतून शिरतात. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेने ती खिडकीही बरीचशी बंद केली आहे : निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरला जाईल. ‘नाही पटत तर नोकरी सोडा’ असे आपण लिहिले आहे. 2017 च्या नियमानुसार कॅप्टनला त्यासाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

‘दुसरे वैमानिक आणा, यांना घरी बसवा’ ही आपली सूचना नवी नाही. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात वैमानिकांनी 29.47 टक्के पगारवाढ मागितली आणि नऊ ते पाच एवढ्याच वेळात उडण्याचा हट्ट धरला. सरकार कंपन्यांच्या बाजूने उभे राहिले, प्रवासी वाहायला हवाई दलाची विमाने आली, सोळाशेहून अधिक वैमानिकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि ते हरले. आपल्याकडे 1992 च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले तेव्हा उझबेकिस्तानातून चालकांसकट विमाने भाड्याने आणली गेली. त्यांतले एक 9 जानेवारी 1993 रोजी दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले आणि पेटले. आतले 165 जण वाचले, हे नशीब. ते विमान हैदराबादहून दिल्लीला निघाले होते, म्हणजे आपल्याच मार्गावरचे.

आपल्या बंधूंच्या दहाव्याबद्दल काय लिहावे हे मला चार दिवसांत सुचलेले नाही. त्या दिवशी काउंटरवर आपण आवाज चढवलात असे आपणच प्रांजळपणे लिहिले आहे, आणि मी तिथे असतो तर कदाचित मीही चढवला असता. पण रागाचा हात किती सहज पुढे जातो याचे एक उदाहरण सांगतो. जानेवारी 2024 मध्ये दिल्लीहून गोव्याला जाणारे विमान धुक्यामुळे कित्येक तास रखडले होते. आधीच्या वैमानिकांची कामाची मर्यादा संपली म्हणून नवा माणूस आला, उशिराची घोषणा करायला लागला, आणि मागच्या रांगेतून एक प्रवासी धावत येऊन त्याला ठोसा मारून गेला. मार खाणारा माणूस त्या विमानात नुकताच आलेला होता, उशिराशी त्याचा संबंध एवढाच की तो विमान नेणार होता.

आणखी एक गोष्ट, जी मूळ लेखात यायला हवी होती. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले तर परतावा किंवा पर्यायी विमान याखेरीज, आपल्यासारख्या दोन तासांहून लांबच्या प्रवासाला, कमाल 10,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा नियम आहे. पण कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांची जी यादी त्या नियमात दिली आहे तिच्यात पूर, दंगल यांच्या शेजारी संप आणि कामगारांशी असलेले वादही आहेत. म्हणजे कंपनीचे तिच्याच नोकरांशी बिनसले तर ती गोष्ट पुरासारखी धरली जाते आणि भरपाई चुकते. परतावा मात्र चुकत नाही. आपल्याला तो मिळाला की नाही हे प्रतिक्रियेत नाही. मिळाला नसेल तर जरूर कळवावे, अर्ज लिहायला मी मदत करीन.

आपण दाखवलेली एक चूक मात्र निखालस माझी आहे. 2012 चा एअर इंडियाचा 58 दिवसांचा संप विश्रांतीच्या तासांसाठी होता असे मी लेखात लिहिले होते. तो त्यासाठी नव्हता; ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्समधून आलेल्या वैमानिकांनाही द्यायचे की नाही, म्हणजे बढतीच्या रांगेत पुढे कोण, यावरून दोन कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर पेटलेला तो वाद होता, आणि त्यात प्रवाशांची सहानुभूती मागण्याचा संपकऱ्यांचा हक्क फारच तोकडा होता. ते वाक्य आज सकाळी बदलले आहे आणि बदल कोणाच्या सांगण्यावरून केला याची नोंद खाली आपल्या या टोपणनावाने केली आहे. खरे नाव घालावे अशी इच्छा असेल तर तसे कळवावे.