समुद्राला मिळणारे पाणी ‘वाया’ जाते काय? एका फिरत्या संदेशाला उत्तर

नाशिक परिसरातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. निफाडच्या माझ्या मावसभावाने, जो द्राक्षबागेच्या पाण्यासाठी दर उन्हाळ्यात आवर्तनाची वाट पाहतो, तो ‘हे सगळ्यांपर्यंत पोहोचव’ असे लिहून मलाही पाठवला. संदेशाचे म्हणणे असे : नदीचे समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते, सिंचनामुळे किनाऱ्यावरच्या खारकच्छांचे (समुद्रालगतच्या उथळ जलाशयांचे) नुकसान होते ही आवई आहे, उलट कालव्यांचे निचऱ्याचे पाणी तेथे पोहोचल्यामुळे त्यांचे खारेपण कमी होऊन ती सुधारतात, धरणांत गाळ अडल्यामुळे ती बुजत नाहीत, नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वरला पक्षी आले तेही बंधाऱ्यामुळेच, आणि हे न मानणारे शेतकऱ्यांचे वैरी आहेत. मी तो पुढे पाठवणार नाही, आणि का नाही ते सांगणे भाग आहे.

सर्वांत घातक दावा निचऱ्याच्या पाण्याचा आहे, कारण तो ऐकायला पटण्याजोगा वाटतो. खारकच्छ म्हणजे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून जवळजवळ तोडलेला उथळ जलाशय. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी भरते, दांडा फुटतो आणि समुद्राशी देवाणघेवाण होते. कोरड्या महिन्यांत पाणी आटते आणि खारेपणा वाढतो. तेथील कोळंबी, मासे आणि चिखलात चोच घालून खाणारे पक्षी या चढउतारावरच जगतात. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील बुंदाला येथे या चढउताराचे काय झाले, याचा अभ्यास कोलंबोच्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने केला आहे. १९९० साली बुंदाला हे त्या देशातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, ठरले. त्याआधीच, १९८०च्या दशकात, किरिंदी ओया नदीवर लुनुगमवेहेरा जलाशय बांधून भातशेतीला पाणी देण्यात आले होते. शेतांतून उतरणारे निचऱ्याचे पाणी एंबिलिकला खारकच्छात आणि तेथून मलाला खारकच्छात येऊ लागले. सिंचन नसते तर तेथील पाणी कसे असते, याचे गणिती प्रारूप मांडून संशोधकांनी तुलना केली आणि या परतीच्या पाण्याने खारकच्छांचे मूळ जलचक्रच बदलल्याचे दाखवले. पातळी चढून पक्ष्यांना लागणारी उथळ दलदल बुडाली, खारेपणा घटला, कोळंबीची मासेमारी खालावली आणि पाण्याबरोबर खतांचे अंशही आले. ज्या पाण्याला आपला संदेश ‘सुधारणा’ म्हणतो, ते हेच पाणी आहे.

‘वाया’ जाणाऱ्या पाण्याचे उत्तर ऑस्ट्रेलियात मिळते, आणि तेथे परिणाम नेमका उलटा झाला. मरे नदीचे पाणी वरच्या भागात सिंचनासाठी इतके उचलले गेले की १९८१ साली तिचे मुख प्रथमच वाळूने पूर्ण बंद झाले. २००२ पासून ते उघडे ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे गाळ उपसावा लागला, आणि दुष्काळात शेजारच्या कुरोंग खारकच्छाचा दक्षिण भाग समुद्राहून कितीतरी पट खारट झाला. बुंदाला अतिगोडे झाले, कुरोंग अतिखारट. कोणत्या महिन्यात किती पाणी यावे, हा खारकच्छाचा हिशेब दोन्हीकडे मोडला, आणि दोन्हीकडे कारण सिंचनच होते.

गाळाच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाकारता येत नाही. ओडिशातील चिलीका खारकच्छ गाळाने उथळ होत गेले, हे खरेच आहे. परंतु तेथे मोठे संकट समुद्राकडचे मुख वाळूने आक्रसल्याचेही होते : खारेपणा घटला, गोड्या पाण्यातील वनस्पती माजल्या, मासळी घटली आणि १९९३ साली ते संकटग्रस्त रामसर स्थळांच्या यादीत गेले. २००० साली नवे मुख खोदल्यावर खारेपणा आणि मासळी दोन्ही परतली, आणि २००२ साली ते त्या यादीतून बाहेर आले. मुख उघडे राहण्यासाठी नदीच्या पुराचा जोरही लागतो, आणि धरण तोच जोर कमी करते. शिवाय अडलेला गाळ म्हणजे नुसता फायदा नव्हे. त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या आपल्या गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा उपग्रहचित्रांवरून झालेला अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये २००४ साली आला, त्यानुसार १९७६ ते २००१ या काळात तेथील किनाऱ्याची निव्वळ १,८३६ हेक्टर जमीन समुद्राने खाल्ली आणि नदीने आणलेल्या गाळाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले होते. ती जमीनही कोणाची तरी होती.

नांदूरमध्यमेश्वरची पाणथळ बंधाऱ्यामुळे तयार झाली आणि ती महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ ठरली, हे मान्य. पण ती गोड्या पाण्याची पाणथळ आहे, तेथे भरती-ओहोटी नाही. तिच्यावरून खारकच्छाचा निष्कर्ष काढता येत नाही.

राहिला शेतकऱ्यांचे वैरी असल्याचा आरोप. केरळात वेंबनाड खारकच्छावर तण्णीरमुक्कम बंधारा बांधून खारे पाणी अडवले, त्याचा कुट्टनाडच्या भातशेतीला उपयोग झाला; पण त्याच बंधाऱ्याने कोळंबी आणि माशांची ये-जा अडली व जलपर्णी माजली, म्हणून तेथील मच्छीमार दरवर्षी त्याची दारे लवकर उघडण्याची मागणी करतात. तेही पाण्यावरच पोट भरणारे लोक आहेत. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरी आणि गिरणा खोऱ्यांत वळवण्याच्या योजनांची आपल्याकडे चर्चा आहे, आणि मला त्या पाण्याची गरज अमान्य नाही. मात्र त्या नद्यांच्या मुखाशी कोणत्या महिन्यात किती पाणी राहिले पाहिजे, हा आकडा प्रकल्प अहवालात आधी मांडला जावा, अशी मागणी मावसभावाच्या गटातूनच पुढे यायला हवी.