डाव्या कोपऱ्यावर कोण?

उद्या रात्री वाळवा तालुक्यातल्या संघाशी कबड्डीची सेमीफायनल आहे. त्यामुळं आज सांगलीत आमच्या विश्रामबागच्या कट्ट्यावर दुसरा विषयच निघाला नाही. आपल्या संघात बचावाच्या डाव्या टोकाला, म्हणजे डाव्या कोपऱ्यावर, कोण खेळणार? भडंगाची पुडी फिरत होती, पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

पैलवानानं आल्या आल्या तोंड उघडलं. "वसतिगृहातनं आलेल्या पोराला बाहेर बसवणार असाल तर मी उद्या बघायलाच येत न्हाय. मर्दा, त्यानं एकदा घोटा धरला की कुणाला सुटत न्हाय. असला डावा कोपरा दारात येऊन उभारलाय आणि तुम्ही त्याला बदलीत बसवताय?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तो पोरगा क्रीडा वसतिगृहात मॅटवर घडलाय, अंगानं भरलेला आहे आणि घोट्यातली पकड त्याच्याइतकी कडक आमच्याकडं कुणाचीच नाही. पण आमचा आत्ताचा डावा कोपरा आणि त्याला मधल्या बाजूनं साथ देणारा डावा कव्हर हे दोघं चुलतभाऊ आहेत. एका गल्लीत वाढले, एकाच मैदानावर मातीत गुडघे फोडून घेतले. थोरला कोपऱ्यावर, धाकटा कव्हरला. ही जोडी फोडायची नाही, हे माझं मत मी लगेच सांगून टाकलं. इथं ते नीट लिहितोय, कारण कट्ट्यावर आवाज चढला की मुद्दा मागं राहतो.

कोपरा एकटा पकड करत नाही. तो पाय धरतो आणि चढाईवाल्याला क्षणभर थांबवतो, तेवढंच. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा, म्हणजे चढाईवाल्याला ओलांडावीच लागते ती, मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर असते आणि बोनस रेषा तिच्याही पुढं मीटरभर. बोनसला आत आलेल्या रेडरचा, म्हणजे चढाईवाल्याचा, घोटा धरला की तो सगळं अंग मध्यरेषेकडं फेकतो. त्या वेळी त्याच्या आणि रेषेच्या मधे कुणीतरी उभं पाहिजे. ते काम कव्हरचं. पाय धरल्यावर कव्हर निघाला तर उशीर झाला. आधीच निघाला तर रेडरला डाव कळतो आणि तो पाय देतच नाही. म्हणून कव्हर कोपऱ्याच्या खांद्याकडं बघत असतो. धाकट्याला थोरल्याचा खांदा पाठ आहे. नवा पोरगा कधी सुटणार हे धाकट्याला अजून माहीत नाही, आणि तो पोरगा लवकर सुटतो. ॲडव्हान्स घ्यायची, म्हणजे वेळेआधीच झेप घ्यायची, सवय आहे त्याला. जमलं तर टाळ्या, नाहीतर समोरच्याला फुकटचा गुण.

"नुसता गुण न्हाय," तात्या म्हणाले. "गुण तर गेलाच, वर त्यांचा बाहेर बसलेला गडी आत आला." तात्या मातीवर खेळलेले आहेत. गुणाचा हिशेब असा दोन्ही बाजूंनी करणारा माणूस आमच्यात तेवढा एकच.

बंड्याला प्रो कबड्डीचे सगळे हंगाम तोंडपाठ. तो पैलवानाच्या बाजूला गेला. "जोडी जोडी काय लावलंय? त्या इराणच्या शादलूईचं बघा की. पुणेरी पलटणनं 2.35 कोटी मोजून आणला, डाव्या कोपऱ्यावर उभा केला. दहाव्या हंगामात पकडीचे 99 गुण, सगळ्यांत जास्त. पलटण चॅम्पियन. पुढच्या हंगामात 2.07 कोटीला हरयाणा स्टीलर्सकडं गेला, हरयाणा चॅम्पियन. शेजारचे सगळे बदलले की! चांगला कोपरा कुठंबी चालतोय, तात्या."

"बंड्या, तू हरयाणाचं अर्धंच सांगितलंस," मी म्हणालो. 2024 च्या मार्चमध्ये हैदराबादला पलटणनं फायनल 28-25 अशी जिंकली ती हरयाणाविरुद्धच. तेव्हा हरयाणाकडं जयदीप दहिया कव्हरला आणि राहुल सेतपाल उजव्या कोपऱ्यावर होते. त्याच वर्षी डिसेंबरात बालेवाडीत पाटण्याला 32-23 हरवून त्यांनी कप उचलला तेव्हाही हे दोघं होतेच. म्हणजे फायनलपर्यंत जाऊन आलेला बचाव जागेवर होता, त्यात शादलूई येऊन उभा राहिला. वर त्याला अख्खा हंगाम मिळाला. आपल्या पोराला उद्याची एक सकाळ मिळणार आहे.

तात्यांनी मग प्रो कबड्डीतल्या मुंबईच्या संघाचं, यू मुंबाचं, नाव काढलं आणि सगळे एकदम सरसावून बसले. सुरेंदर नाडा डाव्या कोपऱ्यावर, मोहित छिल्लर उजव्या. मधे विशाल माने आणि जीवा कुमार. पहिल्या तीन हंगामांत तिन्ही वेळा फायनल, 2015 ला विजेतेपद. त्या चौघांची पकड ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. एका कोपऱ्यानं पाय घातला की दुसरा कोपरा मैदानाच्या पलीकडच्या टोकातून निघालेला असायचा. मला विचाराल तर कबड्डीत बचाव म्हणजे काय हे आमच्या पिढीनं त्या संघाकडं बघून शिकलं.

पैलवानानं तिथंच धरलं. "आणि पाचव्या हंगामाचं काय? नाडा आणि मोहित दोघंबी हरयाणात होते. एलिमिनेटरला पाटण्यानं 69-30 हाणलं! एकट्या प्रदीप नरवालनं 34 गुण काढले, एका चढाईत 8. कुठं गेली तुमची जोडी?"

कट्टा गप्प झाला. आकडे खरे आहेत. पण मला वाटतं पैलवानानं स्वतःच्याच विरुद्ध पुरावा दिला. प्रदीपचं हत्यार डुबकी. तो हाताला हात लावून उभ्या असलेल्या बचावपटूंच्या खालून निघतो, कोपऱ्याच्या हद्दीत अडकून बसत नाही. तिथं त्याला अडवायचं ते कव्हरनं आणि सेंटरनं, खाली बसून, छातीनं. हरयाणात कोपरे तेच होते, पण शेजारी माने-जीवा नव्हते. त्याच्या आदल्या हंगामात बंगळूरनंही दोन्ही कोपरे एकत्र घेतले होते आणि संघ सेमीफायनललासुद्धा गेला नाही. दोन कोपरे विकत घेतले म्हणजे जोडी मिळाली असं होत नाही. कोपऱ्याची खरी जोडी त्याच्या बाजूच्या माणसाशी असते.

तात्या इथं जरा कळवळून बोलले. "आपल्या सांगलीनं नावं दिली ती चढाईची. नितीन मदने 2014 ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाच्या संघात होता. कासेगावचा काशिलिंग आडके बघा, पोरं अजून त्याची उडी मारायला बघत्यात. मारू द्यात, चांगलंच हाय. पण संध्याकाळी मैदानावर जाऊन विचारा, कव्हरला कोण खेळणार? एक हात वर येत न्हाय. उरलेला गडी कव्हरला टाकायचा, ही आपली रीत." हे मी गावोगावच्या स्पर्धांत बघत आलोय. चढाईवाल्याला पाचशेची नोट मिळते. त्याला अडवणाऱ्या चौघांतल्या ज्यानं पाय धरला त्याचं नाव माइकवरून पुकारतात, आणि ज्यानं वाट बंद केली त्याचं कुणी घेत नाही.

एवढा वेळ मास्तर काहीच बोलले नव्हते. शाळेत खेळाचे शिक्षक, पंचगिरीही करतात. त्यांनी भडंगाचा कागद उलटा केला आणि त्यावर पेनानं सात टिंबं काढली.

"तुम्ही कोपरा आणि कव्हर एवढंच बोलताय. कोपऱ्याचा हात कुणाच्या हातात असतो?"

लेफ्ट इनच्या. दोन-तीन-दोन मांडणीत डावा कोपरा आणि लेफ्ट इन यांची साखळी, मधे दोन कव्हर आणि सेंटर यांची, पलीकडं राइट इन आणि उजवा कोपरा. इनवर आपण कायम चढाईवाला उभा करतो. तो आत्ताच चढाई करून धापा टाकत आलेला असतो. कोपऱ्यानं हात सोडून झेप घेतली की इननं लगेच कमरेला यायचं असतं, आणि तो बहुतेक वेळा बघत उभा राहतो. आमच्या मागच्या मॅचमध्ये थोरल्यानं धरलेले पाय सुटले ते याच बाजूला. धाकटा पुढून आला होता, पण आतल्या अंगाला कुणी नव्हतं. रेडर तिकडनं वळून निघाला.

आता उद्याचा समोरचा मुख्य रेडर उजव्या हाताचा. तो आपल्याकडं तोंड करून येतो, म्हणजे त्याचा उजवा हात आपल्या डाव्या कोपऱ्याकडं. बोनसचा पाय दाखवायचा, कोपरा सरकला की पळता हात लावून जायचं, ही त्याची पद्धत. बोनस सहा किंवा सात बचावपटू असतानाच मिळतो, म्हणून सुरुवातीला तो तिथंच घोटाळणार. "मग त्या बाजूला तीन पकडवाले उभे करा की," मास्तर म्हणाले. "थोरला कोपऱ्यावर, धाकटा कव्हरला, नवा पोरगा लेफ्ट इनला. कोपऱ्याचा हात त्याच्या हातात द्या. पाय थोरल्यानं धरायचा, ह्यानं फक्त कमरेला यायचं. ॲडव्हान्सची सवय तिथं नडणार नाही, कारण तो पहिला जाणारच नाही."

पैलवान आधी कबूल होईना. कोपऱ्याच्या गड्याला इनला टाकणं म्हणजे त्याचा अपमान, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. भावांची जोडी शाबूत राहते, पोराचं बळ मैदानात येतं आणि त्याला शिकायला सोपं काम मिळतं. उजव्या कोपऱ्यावर त्याला टाका, असंही बंड्यानं सुचवलं होतं. पण डावीकडं घडलेल्या पोराला एका रात्रीत उजवीकडं नेलं की पाय उलटे पडतात. पुढचा पाय कुठला, पहिला हात कुठला, सगळं फिरतं.

यात तोटा आहे आणि तो लहान नाही. सातात चार पकडवाले, तीन चढाईवाले ही आपली मांडणी. लेफ्ट इनला पकडवाला आला म्हणजे चढाईला दोघंच उरले, सेंटर आणि राइट इन. तात्यांनी हेच विचारलं. "एक रेडर बाद झाला, दुसरा दमला, आणि दोन चढाया मोकळ्या गेल्या. थर्डला कोण जाणार? थर्डला गुण न्हाय आणला तर गडी बाद."

मी धाकट्याचं नाव घेतलं. त्याच्या पायात चढाई आहे, बोनस बरा काढतो.

"आणि तो धरला गेला तर?" तात्या म्हणाले. "कव्हर बाद. तुझी जोडी तूच फोडलीस."

हे मला सुचायला हवं होतं. तासभर ज्या जोडीसाठी भांडलो, तिच्यातलाच गडी मी थर्डला पाठवत होतो. मग उजव्या कव्हरकडं विषय गेला. तो पोरगा शाळेत असताना मास्तरांकडं चढाईच करायचा, नंतर उंचीमुळं कव्हरला आला. थर्डला तो गेला आणि बाद झाला तरी डावी बाजू जागेवर राहते आणि त्यांचा मुख्य रेडर तिकडंच येणार आहे. बंड्याचं मत, पहिल्या हाफला तीन चढाईवालेच ठेवावेत आणि पोराला दुसऱ्या हाफला घ्यावं. मला ते चुकीचं वाटतं. त्यांचा रेडर पहिल्या पाच मिनिटांत धरला तर तो बाहेर बसतो, चढाईचा भार दुसऱ्या फळीवर येतो आणि लोण चढवायची, म्हणजे सगळा संघ बाद करायची, संधी तिथंच असते. दुसऱ्या हाफपर्यंत त्यानं सात-आठ गुण नेले तर मग इनला कुणीही उभा करून काय उपयोग? पोरगा पहिल्या शिट्टीपासून आत पाहिजे.

मास्तर आज रात्रीच कर्णधाराला भेटून हा कागद दाखवणार आहेत. पैलवानानं शेवटी एक अट घालून मान डोलावली. अँकल होल्ड, म्हणजे घोट्याची पकड, मारायची मोकळीक पोराला एका वेळी द्यायची, तीन किंवा कमी गडी उरले की. अव्वल पकडीचे तिथं दोन गुण मिळतात, आणि मागं गमवायला फारसं काही नसतं. ही अट तात्यांनाही पटली. उजव्या कव्हरबद्दल मात्र ते म्हणाले, "सकाळी सातला मैदानावर त्याला सलग चार चढाया करू द्यात, पुढं थोरला-धाकटा उभे करून. त्यातनं एक तरी गुण घेऊन आला तर माझी हरकत न्हाय."